पीचच्या चेक नावात आपली सासू

चेक भाषेत पीच या फळाला ‘ब्रॉस्केव’ म्हणतात आणि पीचच्या झाडाला ‘ब्रॉस्क्वोन्य’. शब्दाच्या टोकाला आलेल्या ‘व’चा उच्चार चेक माणूस ‘फ’सारखा करतो, त्यामुळे आपल्या कानावर पडतं ते ‘ब्रॉस्केफ’.

आता ‘पीच’ आणि ‘ब्रॉस्केव’ शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकही ध्वनी जुळत नाही. एकात प, च. दुसऱ्यात ब, र, स, क, व. तरीही हे दोन शब्द सख्खी भावंडं आहेत. दोघांची आई एकच, लॅटिन भाषेतला ‘पेर्सिका’ हा शब्द. एक मूल इटली-फ्रान्समार्गे इंग्लंडला गेलं, दुसरं डॅन्यूब नदी ओलांडून स्लाव लोकांच्या घरी वाढलं आणि दोघं इतकी बदलली की समोरासमोर आली तरी एकमेकांना ओळखणार नाहीत.

मला या शब्दाचा लळा लागला तो मात्र त्याच्या मुळामुळे नाही, शेपटीमुळे. ब्रॉस्केवच्या टोकाला जो ‘एव’ आहे, त्याचं नातं थेट आपल्या घरातल्या सासूशी आणि जावेशी लागतं. तिथवर जायला जरा वळणाची वाट आहे, म्हणून सुरुवात रोमपासून करतो.

रोमन लोक पीचला ‘मालुम पेर्सिकुम’ म्हणत. ‘मालुम’ म्हणजे सफरचंद, पण कुठल्याही गोल, गरदार परक्या फळाला ते सरसकट मालुम म्हणून मोकळे होत. ‘पेर्सिकुम’ म्हणजे पर्शियाचं, इराणचं. पुढे मालुम गळून पडलं आणि नुसतं पेर्सिकुम उरलं. आपण पैठणी म्हणतो तेव्हा साडी हा शब्द लागत नाही, कोल्हापुरी म्हटलं की चप्पल सांगावी लागत नाही, तसंच हे. पेर्सिकुमचं अनेकवचन ‘पेर्सिका’. फळं बाजारात ढिगानेच दिसतात, त्यामुळे लोकांच्या तोंडी अनेकवचनच जास्त. हळूहळू बोलीभाषेत ‘पेर्सिका’ हेच एकवचन मानलं गेलं, आणि ‘आ’ने संपणारा शब्द लॅटिनमध्ये सहसा स्त्रीलिंगी, म्हणून नपुंसकलिंगी फळ बघता बघता स्त्रीलिंगी झालं.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी, जो ७९ साली व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गेला, त्याने आपल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथाच्या पंधराव्या भागात या फळाबद्दल लिहून ठेवलं आहे. नावावरूनच कळतं की हे फळ परकं आहे आणि पर्शियातून आलं आहे, असं तो म्हणतो. इराणात हे फळ विषारी असतं आणि तिथल्या राजांनी शत्रूला शिक्षा म्हणून ते इजिप्तमध्ये लावलं, अशी एक वदंता त्या काळी होती. तीही त्याने खोडून काढली आहे.

पण नावावरून गाव ओळखण्यात प्लिनी फसला. पीच मूळचं चीनचं. चिनी लोक काही हजार वर्षांपासून त्याची लागवड करत होते, तिथून ते व्यापारी वाटेने इराणात आलं आणि इराणातून ग्रीक-रोमन जगात. रोमनांनी ज्या दुकानातून माल घेतला त्या दुकानाचं नाव मालाला दिलं. माल पिकला कुठे याची चौकशी केली नाही. आणि हे नाव इतकं पक्कं चिकटलं की स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली झाडाला शास्त्रीय नाव देताना ‘पेर्सिका’ हेच विशेषण लावलं. आजही पीचचं शास्त्रीय नाव ‘प्रूनस पेर्सिका’ असंच आहे.

अशी चूक आपल्याही वाट्याला आली आहे. चिंचेला इंग्रजीत टॅमरिंड म्हणतात, तो शब्द अरबी ‘तमर हिंदी’ म्हणजे ‘हिंदुस्थानचा खजूर’ यावरून आला. चिंचेचं झाड मूळ आफ्रिकेतलं. पण अरब व्यापाऱ्यांना चिंच मिळाली ती आपल्या किनाऱ्यावर, म्हणून नाव हिंदचं. महाळुंगाचंही तेच. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘मेडिका’चा औषधाशी काही संबंध नाही. ते इराणातल्या ‘मीडिया’ नावाच्या जुन्या प्रांतावरून आलं आहे, आणि महाळुंग तर आपल्याच हिमालयाच्या पायथ्याकडचं फळ.

पीचचा खरा पत्ता मात्र एका भाषेने अचूक टिपून ठेवला होता, ती म्हणजे संस्कृत. सातव्या शतकात ह्युएन त्संग पंजाबात आला, तेव्हा त्याला ‘चीनभुक्ती’ नावाचा प्रदेश लागला. तिथली हकिकत त्याने अशी लिहिली आहे की, सम्राट कनिष्काच्या काळी चीनकडून ओलीस आलेले लोक तिथे राहत होते आणि त्यांनीच या देशात पीच आणि नासपती पहिल्यांदा लावली. म्हणून पीचला ‘चीनानी’ म्हणजे चीनहून आणलेली म्हणतात आणि नासपतीला ‘चीनराजपुत्र’. नासपतीच्या झाडाखाली उभं राहून ‘हा चीनचा राजपुत्र’ असं म्हणणारी माणसं आपल्या देशात होती, ही गोष्ट मला फार आवडते. ते नाव टिकलं नाही याची हळहळही वाटते. आपल्याकडे पुढे फारसी ‘शफ्तालू’वरून सप्ताळू हा शब्द आला आणि आता तोही मागे पडून पीच राहिला. खुद्द इराणात आज पीचला ‘होलू’ म्हणतात. ज्यांच्या नावाने बराचसा युरोप हे फळ ओळखतो, त्यांच्या भाषेत ते नाव कधी नव्हतंच.

पश्चिमेकडचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो सरळ आहे. पेर्सिकामधला ‘र’ पुढच्या ‘स’मध्ये मिसळून ‘पेस्सिका’ झालं. त्याचं इटालियनमध्ये ‘पेस्का’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘पेश्श’च्या जवळपासचं रूप, मग ‘पेश’. आजही फ्रेंच लोक या शब्दातल्या ‘ए’च्या डोक्यावर छोटी टोपी काढतात. ती टोपी म्हणजे तिथे पूर्वी ‘स’ होता याची खूण. फ्रेंचमधून इंग्रजीत आलं ते ‘पीच’. जर्मनमध्ये ‘र’ आणि ‘स’ दोन्ही वाचले, म्हणून त्यांचा शब्द ‘प्फिर्झिख’.

आता पूर्वेकडची वाट. रोमन साम्राज्याची उत्तर सीमा बराच काळ डॅन्यूब नदीवर होती. त्या पट्ट्यात रोमनांबरोबर द्राक्षाचे वेल, अक्रोड आणि पीच येऊन रुजले. सहाव्या शतकाच्या सुमारास स्लाव टोळ्या डॅन्यूबच्या मधल्या खोऱ्यात पोचल्या. आजचे चेक, स्लोवाक, स्लोवेनियन, क्रोएशियन, सर्ब हे सगळे त्यांचे वंशज. उत्तरेच्या गार जंगलांतून आलेल्या या लोकांना सफरचंद ठाऊक होतं, पीच नवीन होतं. फळ नवं, म्हणून शब्दही उसना घेतला. त्यांच्या तोंडी त्याचं रूप झालं साधारण ‘बेर्स्कू’.

‘प’चा ‘ब’ झाला यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. दोन्ही ओठांवरचेच वर्ण. गळ्यावर बोट ठेवून आधी प म्हणा, मग ब. ब म्हणताना घशात जी थरथर जाणवते, तेवढाच काय तो फरक. उसना शब्द घेताना अशी थरथर सहज वाढते किंवा गळते.

खरी गंमत पुढच्या बदलात आहे. पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या स्लाव भाषांमध्ये आठव्या-नवव्या शतकाच्या आसपास एक मोठी उलथापालथ झाली. व्यंजनांच्या मध्ये अडकलेला ‘एर’, ‘ओर’, ‘एल’, ‘ओल’ असा जोड त्यांच्या जिभेला नकोसा झाला आणि त्यांनी त्याची अदलाबदल केली. एरचं ‘रे’, ओरचं ‘रा’ किंवा ‘रो’. आपल्याकडे नुकसानचं ‘नुसकान’ होतं, लखनौचं ‘नखलौ’ होतं, पोर्तुगीज ‘बाल्दे’वरून बालदी आली आणि तिचीच कुणाच्या तोंडी बादली झाली. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. आपल्याकडे तो एखाद-दुसऱ्या शब्दात आणि तोही बोलण्याच्या ओघात होतो. या स्लाव भाषांमध्ये मात्र तो नियम झाला आणि असा जोड असलेले सगळे शब्द त्याने उलटे केले.

एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. भूर्जपत्रावर आपले जुने ग्रंथ लिहिले गेले. त्या ‘भूर्ज’चा जुना स्लाव भाऊ ‘बेर्झा’. अदलाबदलीनंतर चेकमध्ये ते झालं ‘ब्र्झीझा’ आणि पोलिशमध्ये ‘ब्झोझा’. बेर्स्कूचंही तसंच झालं. स्लोवेनियनमध्ये ‘ब्रेस्केव’, क्रोएशियन आणि सर्बियनमध्ये ‘ब्रेस्क्वा’, पोलिशमध्ये ‘ब्झोस्क्विन्या’. पोलिशमधलं ‘ब्झोझा’ आणि ‘ब्झोस्क्विन्या’ एकापाठोपाठ म्हणून पाहा, दोन्ही शब्द एकाच चक्कीतून निघाले आहेत हे कानाला कळतं. जुन्या चेकमध्येही ‘ब्र्झेस्केव’ असं ‘ए’कारी रूप होतं. आजच्या ब्रॉस्केवमधला ‘ऑ’ मागाहून बसला.

या उलथापालथीचा काळ कसा कळला? एका राजाच्या नावावरून. फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन, म्हणजे थोरला कार्ल, ८१४ साली वारला. त्याचा दरारा एवढा की शेजारच्या स्लाव लोकांनी त्याच्या नावाचाच अर्थ ‘राजा’ असा केला. रोमच्या सीझरच्या नावावरून जर्मनांचा कैसर झाला, तसाच प्रकार. आणि कार्लचं चेकमध्ये झालं ‘क्राल’. म्हणजे कार्लचं नाव स्लाव भाषेत आलं तेव्हा ही अदलाबदल अजून संपली नव्हती. आर आला आणि त्याचा रा झाला. नियमाची मुदत संपल्यावर तेच नाव पुन्हा चेकमध्ये आलं, तेव्हा ते ‘कारेल’ असं राहिलं, कुणी उलटं केलं नाही.

प्रागला गेलेल्यांनी हे दोन्ही शब्द पायाखाली घातले आहेत. जुन्या शहरातून किल्ल्याकडे जाणाऱ्या राज्याभिषेकाच्या वाटेला ‘क्रालोव्स्का त्सेस्ता’ म्हणजे राजमार्ग म्हणतात. ती वाट व्ल्तावा नदी ओलांडते त्या १३५७ सालच्या दगडी पुलाचं नाव ‘कार्लूव मोस्त’, म्हणजे कार्लचा पूल. राजमार्गातला क्राल आणि पुलावरचा कार्ल, मुळात एकच नाव. एक अदलाबदलीच्या आधी आलेलं, दुसरं नंतर.

याचा अर्थ पीचचा शब्दही, क्रालसारखा उलटा झालेला असल्याने, नियम चालू होता तेव्हा किंवा त्याच्या आधीच स्लाव भाषेत आलेला असणार. इकडे सहावं शतक, तिकडे नववं. शब्दाच्या वयाचा एवढा नेमका अंदाज नुसत्या ‘एर’ आणि ‘रे’वरून बांधता येतो, कागदाचा एक कपटाही न लागता.

आता शेपटी.

बेर्स्कू. टोकाला ‘ऊ’ का? लॅटिन शब्द तर ‘आ’ने संपत होता. उसना शब्द घेतला की त्याला आपल्या भाषेच्या कुठल्या तरी गटात बसवावं लागतं, नाहीतर त्याचं अनेकवचन कसं करणार, त्याला विभक्ती कशी लावणार? आपण ‘बस’ घेतली, तिला स्त्रीलिंगी केलं, मग ‘बसमध्ये’, ‘बसला’ हे आपोआप आलं. स्लाव लोकांनी बाहेरून आलेल्या बऱ्याच स्त्रीलिंगी शब्दांना ज्या गटात बसवलं, तो गट दीर्घ ऊकारान्त स्त्रीलिंगी नामांचा होता. फार जुना गट, आणि मूळची माणसं त्यात मोजकीच. त्यातली सगळ्यात मानाची बाई म्हणजे सासू.

जुन्या स्लाव भाषेत सासूला ‘स्वेक्रू’ म्हणत. पुढे तो ऊ जरा आतल्या बाजूला, घशाकडे वळला. षष्ठीचं रूप ‘स्वेक्रुवे’, म्हणजे सासूचं. संस्कृतमध्ये सासू म्हणजे ‘श्वश्रू’, षष्ठीचं रूप ‘श्वश्र्वाः’. स्लाव भाषेत जिथे ‘क’ राहिला तिथे संस्कृतमध्ये ‘श’ झाला, एवढा फरक सोडला तर शब्द एकच आहे. लॅटिनमध्येही तो ‘सोक्रुस’ म्हणून आहे. आणि श्वश्रूवरूनच आपली सासू आली.

दोन्ही भाषांत काय होतंय ते बघा. एकटा असताना ‘ऊ’, पुढे स्वर आला की ‘व’. शाळेत शिकलेली संधी आठवा: सु अधिक आगत, स्वागत. उच्या पुढे स्वर आला की उचा व होतो. आणि यासाठी संस्कृतपर्यंतही जायला नको, घरातच बघा. एक सासू, अनेक सासवा. एक जाऊ, अनेक जावा. डोक्यात एक ऊ, पुष्कळ उवा. जळू, जळवा. पिसू, पिसवा. आपण दिवसभर हा नियम वापरतो आणि एकदाही त्याचा विचार करत नाही. मराठीने जर डॅन्यूबकाठी पीच पाहिलं असतं आणि त्याला ‘बेर्स्कू’ म्हटलं असतं, तर दोन पीचना आपण बेधडक ‘बेर्स्कवा’ म्हणालो असतो. जुन्या स्लाव लोकांनी अगदी तेच केलं. त्यांचा ‘बेर्स्कू’ विभक्ती लागली की ‘बेर्स्कुव-’ होई, त्यात व अवतरे.

जावेचंही नातं असंच. नवऱ्याच्या भावाची बायको, संस्कृतमध्ये ‘यातृ’, मराठीत जाऊ. जुन्या चेकमध्ये ‘यात्रेव’. मुळात हा शब्द ऊकारान्त नव्हता, पण स्लाव भाषांमध्ये तो सासूच्या ओढीने ऊकारान्त गटात येऊन बसला. सासू आणि जाऊ एका घरात, म्हणून एका गटात. जुन्या चेकमध्ये स्वेक्रेव आणि यात्रेव, मराठीत सासू आणि जाऊ, दोन्हीकडे जोडी जुळलेली. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी कोशातलं पान बराच वेळ उलटलंच नाही.

राहिला प्रश्न ‘ऊ’चं ‘एव’ कसं झालं याचा. कालांतराने चेक लोकांना कर्त्याचं रूप वेगळं आणि बाकीची रूपं वेगळी हा घोळ नको वाटला. त्यांनी कर्माच्या जागी येणारं, ‘व’ असलेलं रूप उचललं आणि तेच कर्त्यालाही लावलं. त्या रूपात ‘व’च्या आधी एक अगदी तोकडा स्वर होता. त्याच्या पुढचा अंत्य स्वर गळाला, तेव्हा हा तोकडा स्वर भरून येऊन ‘ए’ झाला. म्हणून ब्रॉस्केव. पण पुढे विभक्तीचा स्वर आला की हा ‘ए’ पुन्हा पळतो: एक ब्रॉस्केव, दोन ‘ब्रॉस्क्वे’. आपल्या बाभूळमधला दीर्घ ऊ ‘बाभळीचा’ म्हणताना असाच निघून जातो.

हा ‘एव’ आजच्या चेक घरात कुठे कुठे दिसतो? गाजर ‘मर्केव’. मुळा ‘र्झेत्केव’, जो लॅटिनमधून जर्मनमार्गे आला. तळणीचं भांडं ‘पानेव’ आणि झाडांना पाणी घालायची झारी ‘कोनेव’, दोन्ही जर्मनांकडून. ख्रिस्ती धर्मसंघ ‘त्सीर्केव’, ज्याचं मूळ ग्रीक आणि जो इंग्रजी ‘चर्च’चा भाऊ. रक्त म्हणजे ‘क्रेव’. हे मात्र उसनं नाही, सासूइतकंच घरचं. संस्कृत ‘क्रव्य’ म्हणजे कच्चं मांस, क्रव्याद म्हणजे ते खाणारा, त्यातलं क्रव्य आणि हे क्रेव एका मुळाचे.

आणि ज्या सासूने एवढा गट जमवला, तिचं काय झालं? आजच्या चेकमध्ये सासूला ‘त्खिन्ये’ म्हणतात. स्वेक्रेव वापरातून गेली, यात्रेवही गेली. रशियनमध्ये सासू अजून ‘स्विक्रोव्य’ म्हणून नांदते, प्रागमध्ये नाही. तिचा ऊकार तेवढा फळाला, गाजराला आणि झारीला लागून राहिला आहे.

इथवर फळ झालं. झाड बाकी आहे, आणि झाडाची कथा वेगळ्याच तऱ्हेची आहे.

ब्रॉस्केवच्या झाडाला ब्रॉस्क्वोन्य म्हणतात. यातला ‘ओन्य’ हा प्रत्यय चेकने स्वतः घडवला, तोही एका वेगळ्या झाडाकडे बघून. ते झाड सफरचंदाचं. सफरचंदाचं फळ ‘याब्ल्को’, झाड ‘याब्लोन्य’. हे दोन्ही शब्द अतिशय जुने. इंग्रजी ‘ॲपल’, जर्मन ‘आप्फेल’, वेल्श ‘अवाल’ हे त्यांचे नातेवाईक. लिथुआनियनमध्येही फळ ‘ओबुओलिस’ आणि झाड ‘ओबेलिस’ अशी जोडी आहे. म्हणजे युरोपच्या उत्तरेत फार पूर्वीपासून सफरचंदाच्या फळाला आणि झाडाला वेगवेगळं नाव होतं. संस्कृतमध्ये या कुळातला शब्दच नाही.

याब्लोन्यमधला ‘न्य’ मुळात ‘झाड’ या अर्थाचा स्वतंत्र तुकडा नव्हता, तो त्या जुन्या शब्दाच्याच अंगाचा भाग होता. पण बोलणाऱ्याला इतिहास माहीत नसतो, त्याला समोरची जोडी दिसते. याब्ल-को फळ, याब्ल-ओन्य झाड. म्हणजे ‘ओन्य’ लावलं की झाड होतं! असा अर्थ लावून लोकांनी तो तुकडा कापून घेतला आणि इतर झाडांना जोडायला सुरुवात केली. बदामाला चेकमध्ये ‘मांडले’, झाड ‘मांडलोन्य’. आंबट-तुरट बिहीला ‘क्दोउले’, झाड ‘क्दोउलोन्य’. आणि ब्रॉस्केवला ब्रॉस्क्वोन्य.

शब्द चुकीच्या जागी कापून नवा शब्द तयार करणं ही माणसाची जुनी खोड आहे आणि तिने भाषेला भरभरून दिलं आहे. आपल्याकडे ‘असुर’ हा शब्द आधीचा. लोकांना वाटलं यातला ‘अ’ नकाराचा, म्हणून त्याच्या उलट ‘सुर’ म्हणजे देव हा शब्द नव्याने तयार झाला. ‘विधवा’ही तसाच. हा शब्द मुळात सलग, एकजीव आहे. पण ‘वि’ म्हणजे नसलेला असं समजून कुणीतरी तो वि आणि धवा असा कापला, ‘धव’ म्हणजे नवरा ठरला आणि मग ‘सधवा’ जन्माला आली. विधवेला चेकमध्ये ‘व्दोवा’ म्हणतात, तोच शब्द.

ब्रॉस्क्वोन्यच्या मधला ‘व’ कुठून आला हे आता सांगायला नकोच. तो सासवांमधला व.

फळ आणि झाड यांना वेगळं नाव देण्याची गरज भाषांना का वाटते, हा प्रश्न मला या शब्दाने घातला. लॅटिनमध्ये ही गरज लिंग बदलून भागवत. सफरचंदाचं झाड ‘मालुस’ स्त्रीलिंगी, फळ ‘मालुम’ नपुंसकलिंगी. नासपतीचं झाड ‘पिरुस’ स्त्रीलिंगी, फळ ‘पिरुम’ नपुंसकलिंगी. झाड ती, फळ ते.

हे वाचताना मला एकदम गावाकडचं बोलणं आठवलं. ‘बांधावरची ती जांभूळ’ म्हणजे झाड. ‘हे जांभूळ खाऊन बघ’ म्हणजे फळ. ती केळ, ते केळं. ती बोर काटेरी, ते बोर गोड. ‘ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी’ या म्हणीतल्या बोरी म्हणजे झाडं. शबरीने रामाला दिली ती बोरं. रोमन शेतकरी आणि कोकणातला माणूस एकच युक्ती वापरतात. संस्कृतमध्येही हेच होतं: ‘बदरी’ स्त्रीलिंगी म्हणजे बोरीचं झाड, ‘बदरम्’ नपुंसकलिंगी म्हणजे बोर, ‘आमलकी’ झाड, ‘आमलकम्’ आवळा. पाणिनीने यासाठी चक्क एक सूत्र खर्ची घातलं आहे, ‘फले लुक्’. फळ सांगायचं असेल तर प्रत्यय गाळून टाका. जो माणूस अर्धी मात्रा वाचवायला धडपडत होता, त्याला फळ आणि झाड यांच्यातला फरक सूत्र लिहिण्याइतका महत्त्वाचा वाटला.

चेकने प्रत्यय गाळला नाही, लिंगही बदललं नाही. ब्रॉस्केव स्त्रीलिंगी, ब्रॉस्क्वोन्यही स्त्रीलिंगी. त्यांनी झाडाला मात्र स्वतंत्र, वजनदार शेपूट दिलं.

सगळ्यांना दिलं असंही नाही. जर्दाळूचं बघा. लॅटिनमध्ये त्याला ‘आर्मेनियाचं आलुबुखार’ म्हणत. पुन्हा दुकानाचंच नाव. त्या ‘आर्मेनियाका’वरून जर्मन बोलीत ‘मारुन्के’सारखी रूपं झाली आणि तिथून चेकमध्ये ‘मेरुन्यका’ आली. हा शब्द कार्लच्या अदलाबदलीत सापडला नाही आणि सासूच्या गटातही बसला नाही. ते दोन्ही दरवाजे बंद झाल्यावर तो घरात शिरला. आपला जर्दाळू फारसीतून आला, ‘झर्द आलू’ म्हणजे पिवळं आलुबुखार. आपल्या नावात फळाचा रंग राहिला, चेक नावात देश.

चेक देशाच्या दक्षिण मोराविया भागात वेल्के पाव्लोवित्से नावाचं द्राक्षमळ्यांचं गाव आहे. तिथले जर्दाळू देशभर नावाजलेले, गावाच्या नावाची एक जातही आहे. त्याच भागात द्राक्षांच्या रांगांमधून पीचची बुटकी झाडं दिसतात, लहान, लवदार फळांची. त्यांना लोक मळ्यातली ब्रॉस्केव म्हणतात. त्यातल्या पीचच्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं तर उत्तर येईल ब्रॉस्क्वोन्य. शेजारच्या जर्दाळूच्या झाडाकडे बोट केलं तर मेरुन्यका, आणि त्याच्यावरून तोडून हातात दिलेलं फळही मेरुन्यकाच. आपला आंबा जसा बागेतही आंबा आणि ताटातही आंबा.